खोगीर

याश शहरात, शरीररचना विभागाच्या तळघरात,
झाम्फिरा चोबोतारू कवटीचं झाकण उचलते
शेजारणीच्या चुलीवरचं उचलावं तसं,
काय शिजलंय विचारत, हलक्या हातानं.
एकतीस वर्षं झाली तिला या कामावर.
विद्यार्थी तिला बाई म्हणतात,
प्राध्यापक नुसतं नाव घेतात.

"इथं," ती म्हणते. मेंदू काढून ठेवलाय.
डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात
तिच्याच खाली, हाडात एक खळगा.
तुर्की खोगीर. सगळ्या जगात हेच नाव.
"तीनशे वर्षं बसले तुर्क आमच्या पाठीवर,"
ती हसते, "गेले, आणि खोगीर डोक्यात विसरले."

खोगिरावर स्वार वाटाण्याएवढा.
वजन अर्धा ग्रॅम.
वर पडदा, पडद्याला भोक, भोकातून देठ,
वेलीला उशिरा धरलेलं फळ.
मागचा भाग मेंदूच खाली उतरून आलेला,
पुढचा टाळूतून वर चढलेला, गर्भातच,
मागचं दार ओढून घेत.
दोन घरचे दोघं, एका खोगिरावर.

आमच्या भाषेत हिला पीयूषिका म्हणतात, मी सांगतो.
पीयूष म्हणजे?
अमृत. आणि जुन्या अर्थानं
नुकत्याच व्यालेल्या गाईचं पहिलं दूध.

झाम्फिरा हातमोजा काढते. परत घालते.

मग रक्त.
दोन्ही अंगांना शिरांचे डोह,
डोहातून वळसे घेत वर चढणारी मानेतली मोठी धमनी.
तिच्या खालच्या फांद्या मागच्या भागाला थेट पोचतात.
पुढच्याच्या वाट्याला थेट असं फारसं काही नाही.
वरच्या फांद्या आधी देठाच्या मुळाशी जाळं विणतात,
तिथं मेंदू आपले निरोप रक्तात सोडतो,
ते रक्त देठावरून शिरांनी उतरतं
आणि खाली पुन्हा जाळं.
निरोपासकट आलेलं, पण उष्टं.
पाटाच्या टोकाचा वाफा हा :
वरच्यांचं भिजून झालं की मग याची पाळी.

शाई तिनंच भरली होती, काल रात्री, थेंबाथेंबानं.

"माझी आई," ती भिंगाची काच पुसत म्हणते.
बिस्त्रिता नदीच्या वरचं गाव, फेब्रुवारी.
मी जन्मले आणि तिचं रक्त थांबेना.
दोन गोधड्या भिजल्या, मग पेंढा.
डॉक्टरची घसरगाडी पोचली उजाडताना.
गरोदरपणी ही ग्रंथी फुगते,
पाट मात्र तेवढाच राहतो.
रक्ताचा जोर ओसरला की
टोकाचा वाफा आधी सुकतो.

पान्हा फुटलाच नाही.
शेजारच्या अनिसियानं शेळी आणून बांधली, मी तिच्यावर वाढले.
पाळी गेली, भुवया झडल्या, जुलैत लोकरीचे मोजे.
आजी पाण्यात निखारे विझवायची, दृष्ट म्हणून.
बाप म्हणायचा, आळशी.
बावीस वर्षं ती चुलीच्या भिंतीला टेकून बसली.
हाक मारली की ओ यायला वेळ लागे,
विहीर खोल असल्यासारखा.
"आता कळतं, खोगीर रिकामं होतं.
घोडा तसाच चालत राहिला बिचारा."

इथं लागल्यावर पहिल्या हिवाळ्यात
तिला हे देठावरचे काळे धागे दिसले.
पोरं निघून गेली तरी ती स्टुलावरच होती.
शनिवारी बस धरून गावी गेली,
बापाला सगळं सांगितलं. तो सफरचंद सोलत होता.
"केवढी असते?" एवढंच विचारलं त्यानं.
तिनं डब्यातून एक वाटाणा काढून टेबलावर ठेवला.
त्यानं सुरी खाली ठेवली.
त्या रात्री तो जेवला नाही,
आणि वाटाणाही कुणी उचलला नाही.

"मोजा," ती भिंग माझ्या हातात देते.
मी अकरा धागे मोजतो. ती म्हणते, बारा.
पुन्हा बघतो. एक अगदी बारीक,
दुसऱ्याच्या आडून उतरलेला.

बाप गेला त्यालाही आता वर्षं झाली.
वाटाणा खिडकीत आहे अजून.